भाऊजी नेमके कुणाकडे कामाला

किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देणारा माणूस एकच आहे, आणि तो आमच्या घरात निघाला. ते माझे धाकटे दीर. बाकीच्या माणसांना "कुठं कामाला?" विचारलं तर ती म्हणतात, "आसनगावला, गोडाऊनमध्ये," आणि पुढं चालू लागतात. भाऊजी थांबतात, चष्मा पुसतात आणि पहिल्यापासून सांगतात. काम डेन्मार्क देशातल्या एका नव्या कंपनीचं. तिथं सगळी मिळून अकरा माणसं. एवढ्याशा कंपनीला एका माणसासाठी भारतात कंपनी उघडणं झेपत नाही, आणि नुसता फोनवर माणूस ठेवला तर कायद्यात बसत नाही. म्हणून पुण्यातल्या तिसऱ्याच कंपनीनं भाऊजींना रीतसर नोकरीवर घेतलं आहे. नेमणुकीचं पत्र, पगार, फंड, रजा सगळं पुण्याचं. रोज काय करायचं ते मात्र डेन्मार्कनं सांगायचं. एकदा शहापूरच्या स्टँडवर ओळखीच्या एका म्हाताऱ्यांनी सहज विचारलं. भाऊजी फंडापर्यंत आले तेव्हा किन्हवलीची गाडी निघून गेली होती. म्हातारे म्हणाले, "अरे बाबा, मी नुसतं बरा हायेस का म्हणून इचारलं."

नेट फक्त माळ्यावर येतं, म्हणून त्यांचं ऑफिस माळ्यावर, कांद्यांच्या शेजारी. तिकडं सकाळ होते तेव्हा आमच्याकडं जेवणाची वेळ होते. त्या वेळी भाऊजी दाढी-आंघोळ करून शिडी चढतात आणि तिकडच्या लोकांना गुड मॉर्निंग म्हणतात. रजा असली की माळ्यावर पाय ठेवत नाहीत. मी कांदे मागितले तर म्हणाले, "वहिनी, रजा पुण्यानं मंजूर केलीय. वर गेलो तर त्यांना फसवल्यासारखं होईल." मग कांदे मीच काढले. तिकडं गाईंच्या गळ्यात पट्टे असतात. गाय आजारी पडायच्या बेताला आली की मालकाच्या मोबाइलवर कळतं. ते कळवायची व्यवस्था भाऊजी बनवतात. एका दुपारी ते वर बसून परदेशच्या गाईंचा ताप बघत असताना खाली आमचीच गाय दावं सोडवून शेजारणीच्या वालात शिरली. शेजारीण अंगणातून ओरडली, "परदेशच्या गाईचा ताप कळतो, आन घरची सुटलेली कळत नाय काय रे?" भाऊजींनी खिडकीतून शांतपणे सांगितलं, "काकी, आपल्या गाईला पट्टा नाय."

त्यांना मुलगी सांगून आली ती मुरबाडकडची, कल्याणच्या दवाखान्यात नर्स. दोघांनी एकमेकांना पसंत केलं. ती कल्याणला परत गेली त्या दिवसापासून भाऊजी शिडीवरून उतरताना गुणगुणायला लागले, त्यावरून आम्ही काय ते ओळखलं. आता मुलीचा मामा चौकशीला येणार होता. आमच्याकडं मुलगा कामाला असतो तिथं जाऊन मामा बघून येतो, पितो का, खाडे करतो का, सगळं विचारतो. आमच्या ह्यांनी भावाला बजावलं, "नुसतं पुण्याच्या कंपनीत म्हण आन गप बस." भाऊजी म्हणाले, "ते खोटं नाय दादा, पण अर्धं हाय." आणि मामांना त्यांनी पूर्ण सांगितलं.

मामा गाडी करून थेट पुण्याला गेले. तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी कॉम्प्युटरवर नाव काढून दाखवलं. मामांनी विचारलं, मुलगा कसा आहे? त्या म्हणाल्या, कागदपत्रं व्यवस्थित आहेत. स्वभावानं? आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही. मग काम काय करतो? ते डेन्मार्कला माहीत. मामा परत आले ते आमच्या ओटीवरच. "पोरगा कागदावर हाय, कंपनीत नाय," ते म्हणाले. आमचे हे समजावायला गेले, "मामा, ठेकेदाराकडनं माणसं कारखान्यात जातात ना, तसं समजा." तिथंच सगळं बिघडलं. "म्हंजे ठेक्यावर! सकाळी ठेकेदार पळला की दुपारी पोरगा घरी." भाऊजी म्हणाले, "ठेका वेगळा मामा, तुमी बसा, मी पहिल्यापासून सांगतो." मामा चहा टाकून उठले.

पुढचे आठ दिवस भाऊजी वेळेवर शिडी चढत होते, पण दाढी न करता. गुणगुणणं बंद झालं. मला चार माणसांत बोलता येत नाही. म्हणून मी पापडांचं निमित्त केलं आणि मुरबाडच्या गाडीत बसून मुलीच्या आईकडं गेले. ती पडवीत तांदूळ निवडत होती. मीही सुपाला हात लावला, म्हणजे बोलताना वर बघायला नको. म्हटलं, "ताई, माझं नाव लग्नानंतर दोन वर्षं माहेरच्याच रेशनकार्डात होतं. राबत होते सासरी. म्हणून काय मी कुणाचीच नव्हते? उलट मला विचारणारी दोन घरं होती. आमच्या भाऊजींचं तसंच हाय."

ती हसली. "हे आमच्या दादाला कळायचं नाय. त्याचं नाव कधी कुठल्या कार्डातनं हललंय?" मग हात थांबवून तिनं खरं काय ते विचारलं, "पण माझी पोर कल्याणची नोकरी सोडणार नाय गो."

"सोडायला कशाला पायजे? भाऊजींना नेट असलं की कुठनंबी काम करता येतं. पुण्याला चालतं, डेन्मार्कला पण चालतं."

"खरं सांगतेस?"

"त्यांनाच विचारा. पण टाइम काढून विचारा."

दिवाळीनंतर लग्न झालं. कल्याणला जागा मिळाली, नेट चांगलं, तिचा दवाखाना चालत जाण्यासारखा. जायच्या आदल्या दिवशी भाऊजी माळ्यावरचं टेबल खाली काढून ओटीवर पुण्याचा फॉर्म भरत बसले. पत्ता बदलल्याचं पुण्याला कळवायला लागतं. बाकीचं भरून झालं आणि एका रकान्यावर अडले. जुना पत्ता सोडण्याचं कारण.

मी म्हटलं, "लिहा की, लग्न."

"लग्न होऊन पण इथं राहता आलं असतं, वहिनी. काम इथनंबी होत होतं. तिची नोकरी लिहिलं तर ते पण अर्धंच."

त्यांना कुठूनही काम करता येतं, हे त्या घरी सांगून आलेली मीच. मी म्हटलं, "मग राहू द्या तसंच."

त्यांनी तो रकाना कोरा ठेवला आणि खाली सही केली.