जळलेलं जिरं
जयपूरच्या आमच्या कारखान्यातल्या कँटीनमध्ये आज डाळीच्या फोडणीतलं जिरं जळलं आणि मला जर्मनीतले कामाचे ते सहा महिने आठवले. तिथल्या वयस्कर फोरमनने शुक्रवारी विचारलं होतं, “रविवारी एक वाजता घरी जेवायला येशील?” तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून सवयीने “हो, नक्की” म्हणालो आणि रविवारी खोलीवर लोळत पडलो. सोमवारी त्याने माझ्यासमोर डबा ठेवला. “तीनपर्यंत वाट पाहिली. तू शाकाहारी, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा डाळ केली. जमलीय का, सांग.” मी म्हणालो, “ताप होता.” त्याला ते खरंच वाटलं, दिवसभर माझ्या वाट्याचं जड काम त्यानेच उचललं. त्याच्या डाळीत जिऱ्याचा कोळसा झाला होता. आज कँटीनमध्ये सगळ्यांनी वाट्या बाजूला सारल्या. मी माझी चाटूनपुसून संपवली.