खिळेमास्तरांनी जुळवलेलं शेवटचं पान

मंगळवार, ९ जून १९९८. लोकरीच्या कपड्यांना ऊन दाखवलं, डांबराच्या गोळ्या बदलल्या. मुलीचं पत्र आलं, सगळे बरे आहेत. नातवाचा दात पडला. हे तीन वाजता इस्त्रीचा सदरा घालून बाहेर गेले. कुठे ते सांगितलं नाही. पाचला परत आले आणि जर्मन भाषेच्या वर्गात नाव घातलं म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच म्हणाले. कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही.

ज्यांच्या बायकोने त्या दिवशी वहीत हे लिहिलं, त्यांना सगळी गल्ली खिळेमास्तर म्हणायची. छापखान्यात शिशाचं एकेक सुटं अक्षर म्हणजे एकेक खिळा. तो खणातून उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत लावायचा. मास्तरांनी हे अडतीस वर्षं केलं. पुढे नवी यंत्रं आली, खिळे भंगारात गेले आणि मास्तर घरी आले. तेव्हापासून ते वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुका पेन्सिलीने गोल करत आणि बायको त्याच कागदाने कपाटाचे खण मढवत असे.

सहासष्टाव्या वर्षी हे जर्मनचं काय खूळ, ते कोणालाच कळेना. शेजारचे विमा कचेरीतले साहेब कट्ट्यावर म्हणालेच, "मास्तर, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काय खोटं नाही. परदेशात दुसरं लग्न ठरवलंय की काय?"

"पहिलंच अजून प्रुफात आहे," मास्तर म्हणाले.

बायकोलाही त्यांनी एवढंच सांगितलं, "वेळ जातो गं."

वेळ घालवायला मास्तरांना कधी कशाची गरज पडली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ती नन्सच्या शाळेत वाढलेली. दुसऱ्याचं पाकीट फोडू नये आणि नवऱ्याचं तोंडही फोडू नये, वेळ आली की दोन्ही आपोआप उघडतात, असं तिचं मत. तिने इस्त्रीचे सदरे दोनाचे तीन केले.

वर्ग एका शाळेच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी भरे. बाकं सातवीतल्या मुलांच्या मापाची. मास्तरांचे गुडघे फळीला टेकत. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं, ही भाषा का शिकायची आहे? एकीचं लग्न तिकडे ठरलं होतं आणि होणाऱ्या सासूला बोलून जिंकायचं होतं. एका लठ्ठ गृहस्थांना डॉक्टरांनी मेंदूला व्यायाम सांगितला होता, पायांना सांगितलेला त्यांनी केला नव्हता. मास्तरांच्या शेजारी बसलेली नर्स तिकडच्या इस्पितळात नोकरीला जाणार होती. "तिथे म्हातारी माणसं दुखतं ते त्यांच्याच भाषेत सांगणार," ती म्हणाली, "मला कळायला नको?"

मास्तरांची पाळी आली. ते उभे राहिले, सदरा ओढून सरळ केला आणि म्हणाले, "एक पान वाचायचंय." सगळ्यांना वाटलं, म्हातारा नम्रपणे बोलतोय. ते शब्दशः खरं होतं.

त्यासाठी एकतीस वर्षं मागे जायला हवं.

तेव्हा नदीवर मोठा पूल बांधायला परदेशी इंजिनीअर आले होते. त्यांतल्या एकाच्या बायकोने दोन वर्षं नदीकाठची गवतं गोळा केली, त्यांची चित्रं काढली आणि त्यावर आपल्या भाषेत छोटं पुस्तक लिहिलं. ते तिला परत जाण्याआधी इथेच छापून हवं होतं. ती छापखान्याच्या मालकांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोले. मास्तरांना इंग्रजी अक्षरं जुळवता येत, भाषा येत नसे. त्यामुळे दोघांमध्ये बोलणं म्हणजे बोट, पेन्सिल आणि मान.

अडचण टिंबांची होती. जर्मनमध्ये काही अक्षरांच्या डोक्यावर दोन टिंबं असतात आणि छापखान्यात तसे खिळेच नव्हते. मालक म्हणाले, "टिंबांवाचून छापा. गवत वाचणाऱ्याला टिंबं कशाला?" मॅडमचा चेहरा एवढासा झाला. मास्तरांनी लहान टाइपातला एक कोलन, म्हणजे एकावर एक दोन टिंबांचा खिळा, उचलला, आडवा केला, घासून घासून तांदळाच्या कणीएवढा उरवला. मग मोठ्या अक्षराच्या डोक्यावरची रिकामी जागा कानशीने तासली आणि तिथे तो बसवला. प्रूफ काढलं. दोन टिंबं, शेजारी शेजारी, काळीभोर. मॅडमनी कागद खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. त्यानंतर महिनाभर मास्तर दुपारची सुट्टी कानस घेऊन बसत. छापखान्यात मॅडमचं नाव पडलं टिंबवाली मॅडम.

सगळं पुस्तक जुळवून झालं आणि मॅडमनी आणखी एक पान आणून दिलं. अर्धंच, आठ-दहा ओळींचं. शेवटी घालायचं. आता जो माणूस छापखान्यात वाढला, त्याला हे सांगावं लागत नाही की पुस्तक संपल्यावर उगवणारं पान शुद्धिपत्राचं असतं. राहिलेल्या चुकांची यादी. मास्तरांनी एकही शब्द न कळता ते जुळवलं.

पुस्तकं बांधून आली त्या दिवशी मालक कागदाच्या व्यापाऱ्याकडे गेले होते. मॅडम आत आल्या, एक प्रत उघडली, नेमकं ते शेवटचं पान काढलं आणि त्यावर बोट आपटत मास्तरांशी खूप काही बोलल्या. आवाज चढला, डोळे भरले. मास्तरांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मॅडम थोडा वेळ थांबल्या, ती प्रत खणांवर ठेवली आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं जहाज होतं.

"काय म्हणत होती?" मालकांनी आल्यावर विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले.

ती प्रत त्यांनी घरी आणून कपाटाच्या तळाशी ठेवली. कोणाकडून वाचून घेणं सहज शक्य होतं. पण आपली चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची? ज्या माणसाच्या प्रुफात चूक सापडली की मालक बोर्डावर तारीख लिहून ठेवत, इतकी ती दुर्मीळ, त्याने? म्हणून एकतीस वर्षं ते पान कपाटात राहिलं आणि मास्तरांच्या छातीतही. उतारवयात एक दिवस वाटलं, आता कितीसे दिवस उरले? चूक कोणती ते तरी कळू दे. आणि ती आपली आपण वाचायची.

वर्गात मास्तरांची मोठी गंमत झाली. त्यांना अक्षरांचे चेहरे सगळे पाठ, माणूस एकही ओळखीचा नाही. बाईंनी फळ्यावर 'उंड' लिहून सांगितलं, याचा अर्थ 'आणि', तेव्हा मास्तर मोठ्याने म्हणाले, "अरेच्चा! हा तो होय?" सगळे हसले. मास्तरांनी तो शब्द शेकडो वेळा जुळवला होता. शेजारी वर्षभर राहिलेल्या माणसाचं नाव आज कळावं तसं त्यांना झालं. घरी येऊन बायकोला म्हणाले, "अगं, 'आणि'साठी मी ती तीन अक्षरं हाताशीच ठेवायचो. तेव्हा वाटायचं, कुठल्या तरी गवताचं नाव असेल!"

शब्द लिहिताना त्यांची कधी चूक होत नसे. बोलताना मात्र नाकी नऊ येत. नर्सचं नेमकं उलटं. ती घडाघडा बोले आणि टिंबं विसरे. मग तिची वही मास्तर तपासत आणि त्यांची जीभ ती वळवत असे. "मास्तर, घशातून काढा, घशातून! सर्दी झाल्यासारखं."

"झाली नाहीये, तीच तर अडचण आहे."

दर महिन्याच्या शेवटी मास्तर कपाटातलं पुस्तक काढून शेवटचं पान बघत. जुलैत चार शब्द कळले, ऑगस्टमध्ये अकरा. 'हात' कळला. 'भाषा' कळला. आणि सप्टेंबरमध्ये बाईंनी गृहपाठ तपासता तपासता एक नवा शब्द सांगितला, 'फेलर', म्हणजे चूक. अनेक झाल्या तरी शब्द तोच राहतो. मास्तरांनी घरी येऊन पान उघडलं. सहावी ओळ. 'फेलर'. तिथेच होता.

ते चष्मा काढून बसून राहिले. त्या आठवड्यात वर्गाला गेले नाहीत, पुढच्याही नाही. इस्त्रीचे सदरे खुंटीवर तसेच राहिले. बायकोने दोन आठवडे वाट पाहिली. पंधराव्या दिवशी ती समोर येऊन बसली.

"अहो, आता सांगता का? की मी पाकीट फोडू?"

तेव्हा मास्तरांनी सगळं सांगितलं, टिंबांपासून 'फेलर'पर्यंत. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती आणि ती हे पहिल्यांदा ऐकत होती.

"त्या ओळीत एकूण शब्द किती?" तिने विचारलं.

"नऊ."

"कळले किती?"

"चूक, आणि, माझा... तीन."

"म्हणजे सहा शब्द न वाचताच तुम्ही निकाल देऊन मोकळे झालात. हे काय प्रूफ तपासणं झालं? मालकांनी बोर्डावर तारीख लिहिली असती."

मास्तरांनी पुस्तक पुन्हा कपाटाच्या तळाशी ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी दारात नर्स उभी राहिली. हातात दोन आठवड्यांच्या टिपणांची वही, पायात इस्पितळातले पांढरे बूट. "मास्तर, तुमच्यावाचून माझी सगळी टिंबं गळायला लागलीत. परीक्षेत नापास झाले तर पाप तुम्हाला." तिने बायकोला मावशी म्हणत तिच्या हातचा चहा घेतला, वही टेबलावर ठेवली आणि गेली. ती रात्रपाळी करून, न झोपता आली होती, हे मागाहून कळलं.

गुरुवारी मास्तर वर्गात होते.

पुढे त्यांनी ठरवलं, आता महिन्याला शब्द मोजायचे नाहीत. सगळं पान एकदम वाचता येईल तेव्हाच उघडायचं. जाडा शब्दकोश घरी आला. ती दोघं संध्याकाळी टेबलाशी बसत, मास्तर धडा गिरवत, बायको शब्द विचारत. तिचं इंग्रजी इथे थोडंफार उपयोगी पडे आणि पडलं की ती नन्सचे आभार मानायला विसरत नसे.

मार्चमधल्या एका शनिवारी मास्तर म्हणाले, "आज काढतो." त्यांनी टेबल पुसलं, हात साबणाने धुतले, कपाटाच्या तळातून पुस्तक काढलं. बायको दूध तापत ठेवून येऊन बसली. मास्तर एकेक ओळ आधी जर्मनमध्ये वाचत, मग थांबून आपल्या भाषेत सांगत.

"या पुस्तकातलं... प्रत्येक टिंब... एका माणसाने हाताने घडवलं आहे. त्याला माझी भाषा येत नाही. मला त्याची येत नाही. ज्या शब्दांचा अर्थ त्याला माहीत नाही, त्या शब्दांची त्याने इतकी काळजी घेतली, की मीही माझी भाषा अधिक जपून लिहू लागले."

मास्तर थांबले. बायको म्हणाली, "पुढे?"

सहावी ओळ आली. मास्तरांनी बोट ठेवलं. "पुस्तकात चुका असतील... तर त्या माझ्या... आणि त्याची... एकही नाही."

हे त्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा शब्दकोशात पाहून. खात्री केल्याशिवाय ते काहीच मानत नसत.

"आता शेवटच्या दोन ओळी," ते म्हणाले. "हे पानही तोच जुळवील आणि त्याला कळणार नाही. म्हणून पुस्तक छापून झालं की मी स्वतः जाऊन त्याला हे सांगणार आहे."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग मास्तर म्हणाले, "तिने सांगितलं होतं गं. येऊन सांगितलं. मी मान खाली घालून उभा राहिलो."

"आता वर करा," बायको म्हणाली.

पुढे त्यांनी पत्र लिहिलं, पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या पत्त्यावर. वर्गाच्या बाईंनी चुका दुरुस्त करू का विचारलं. मास्तर म्हणाले, "असू द्या. चुका माझ्या आहेत, तिच्या नाहीत." दोन महिन्यांनी उत्तर आलं ते मॅडमच्या मुलीचं. आई नऊ वर्षांपूर्वी वारली होती. पण टिंबं करणाऱ्या माणसाची गोष्ट तिने मुलांना पुष्कळदा सांगितली होती. आभार मानले तेव्हा तो इतका लाजला, की त्याने मान वर केली नाही, असंही ती सांगे. हे वाचून मास्तर मोठ्याने हसले आणि मग बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. नर्स तिकडे नोकरीला लागली. तिची पत्रं मास्तर होते तोवर त्यांना येत आणि ते टिंबं तपासून उत्तर पाठवत. अजूनही येतात. आता तपासणारं कोणी नाही, पण एकही टिंब चुकलेलं नसतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी वहीत लिहिलं आहे ते एवढंच: शनिवार, २० मार्च १९९९. यांनी पान वाचलं. चूक नव्हती. दूध उतू गेलं, ओटा दोनदा पुसला.