गाल तसाच राहिला

फौजेतून आलेल्या माणसाकडून लोकांना गोळीबार ऐकायचा असतो. मी दाढेचं सांगतो. नागपुरात आमच्या कॉलनीत काही जण त्यावर हसतात. हसू द्या.

मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. शेवटची पोस्टिंग उत्तरेला, बर्फातल्या एका पोस्टवर. डॉक्टर खाली बेसला, वर मी एकटा. रोज सकाळी जवानांचे पाय तपासायचे, ताप पाहायचा, दातांचंही विचारायचं. गार पाण्यानं क्षणभर सणकलं तर बहुधा दाताचं कवच झिजलेलं, नाहीतर कीड नुकती लागलेली. गरम चहानंतर ठणका बराच वेळ राहिला तर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली. चावताना एकाच जागी कळ आली तर दात तडकलेला किंवा मुळाशी पू. हे मी इतक्या वेळा सांगायचो की पोरं मला बघून तोंड मिटायची.

लान्स नायक प्रशांत उमरेडचा, जुन्या विणकर घरातला. कामाला वाघ, आणि गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. आमच्याकडे खर्र्यानं फुगलेला गाल कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. एका सकाळी त्याला ताप निघाला आणि तोंड नीट उघडेना.

"थुंक तो खर्रा."

तो थुंकला. गाल तसाच राहिला.

दुखऱ्या दाढेवर तो रोज खर्रा दाबून ठेवत होता. तंबाखूनं दाढ थोडी बधिर व्हायची आणि सूज झाकली जायची.

"काहून लपवलं बे?" माझा आवाज चढला.

"तुम्ही मले खाली धाडलं असतं, दादा. पोस्टवर माणसं कमी आहेत. अन् आता दुखूनच नाही राहिलं. कालपासून बंद आहे."

मला धडकी भरली ती याच वाक्यानं. ठणकणारी दाढ आपोआप गप्प झाली, तर आतली नस मेलेली असू शकते. पू मरत नाही, तो पसरतो. मी लगेच इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत सूज जबड्याखाली दोन्ही बाजूंना उतरली. जीभ वर उचलली गेली, त्याला थुंकी गिळता येईना. असं झालं की दाढ बाजूला राहते, श्वास अडतो.

मी रेडिओवर गेलो. "कॅज्युअल्टी सीरियस. गले में सूजन. साँस में तकलीफ. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"मौसम बंद है. पैदल निकलो. डॉक्टर नीचे से निकल रहे हैं. ओव्हर."

स्ट्रेचरवर आडवं केलं की त्याचा जीव घुसमटायचा, म्हणून चौघांनी त्याला आळीपाळीनं पाठीवर बसवून घेतलं. मी बाजूनं ऑक्सिजन धरून चालत होतो. त्यानं दोनदा माझी बाही ओढली. बोलता येत नव्हतं. डॉक्टर आम्हाला उतारावर भेटले, तेव्हा प्रशांत गेला होता. मी तिथेच बर्फात बसून रडलो.

पेटीबरोबर मी उमरेडला आलो. गावानं त्याच्या नावाच्या घोषणा दिल्या. सगळं आटोपल्यावर त्याच्या आईनं मला आत बोलावलं.

"गोळी लागली काय गा त्याले?"

"नाही, काकू. दाढ पिकली होती. त्यानं कोणाला सांगितलंच नाही."



"लहानपणी दात दुखला का सारं घर डोक्यावर घे तो," ती म्हणाली. "एवढं गप राहणं त्याले कोणं शिकवलं गा?"