यादीतले पेन्सिलीचे ठिपके

त्या म्हाताऱ्याचा मले आधीपासूनच राग होता, हे सांगून टाकते. स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये, आमच्या मागच्या लाइनीत त्याइचं क्वार्टर होतं. आमच्यासारखेच विदर्भातून इकडं हिंदी मुलखात आलेले मराठी, प्लांटच्या ऑफिसात क्लर्क. आम्ही त्याइले काका म्हणत होतो. दर दिवाळीले ते आमच्या घरी येत, खुर्चीवर बसत, अन् आईनं ट्रे पुढं केला का हात जोडत. कधी गुरुवार, कधी पोट बरं नाही, कधी आत्ताच चहा घेऊन निघालो. बाबा त्याइच्यासाठी पितळेचा एक पेला आधल्या दिवशी स्वतः राखेनं घासत. आमाले त्या पेल्याले हात लावायची मनाई. अन् काका गेल्यावर बाबा म्हणत, साधा माणूस आहे, कोणावर भार टाकत नाही.

बाबाची ही धडपड कावून, ते सांगते. आम्ही बौद्ध. पण प्लांटमध्ये लागताना बाबानं जुनं आडनाव सोडलं, गावाच्या नावाले 'कर' जोडून नवं घेतलं, अन् लाइनीत सांगितलं का आम्ही कुणबी. निळ्या कोटातला फोटो कपाटात, साड्यांच्या मागं. विहारात जायचं नाही, दसऱ्याले नागपूरले जायचं नाही. आई दर दसऱ्याले मोरीत बसून रडे. मी भांडली का बाबाचं एकच ठरलेलं: झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीचा मले लय संताप होता. बाबा गेल्यावर मी तो फोटो समोरच्या खोलीत लावला खरा, पण तोवर आम्ही वसाहत सोडून कुरुदले घर बांधून आलो होतो. ज्याइच्यापासून लपलो, त्याइच्यातलं तिथं पाहायले कोणी नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात दिल्लीकडची एक प्रोफेसर बाई आली. जुन्या मतदार याद्या सरकारनं स्कॅन करून ठेवल्या आहेत म्हणे, अन् त्याच्यावरून तिले पाहायचं होतं का प्लांटच्या वसाहतीत कोणत्या समाजाचं राजकारण कसं चाललं. जवळच पद्मनाभपुरात तिनं एक खोली घेतली होती. मी रिटायर टाइपिस्ट म्हणून मले बोलावलं. अन् यादीतलं कोण कोणत्या समाजाचं हे सांगायले बोलावलं काकाले. तरुणपणी प्लांटनं त्याइले यादीच्या ड्यूटीवर पाठवलं होतं. सेक्टरातलं घर न् घर फिरून नावं त्याइनंच लिहिली होती.

झालं, एका टेबलावर आम्ही दोघं. मी स्क्रीनवरचं नाव वाचायची, काका समाज सांगायचे, मी टाइप करायची. सकाळी आल्याबरोबर मी माठ भरून ठेवत होती. काका आपली बाटली घरून आणत. म्हातारपण आहे, बाहेरचं पाणी बाधत असेल, असं मीच आपल्या मनाले सांगितलं.

यादीत काही नावांसमोर पेन्सिलीचा बारीक ठिपका होता. प्रोफेसर बाईनं विचारलं तर काका हिंदीत म्हणाले, जाँच का निशान, म्हणजे तपासणीची खूण आहे, दुसरं काही नाही. तिनं त्याचा वेगळा रकाना करायले लावला. मी टाइप करत गेली. पण चार दिवसांत माझ्या ध्यानात आलं का ठिपका दिसला का काकाच्या तोंडून एक तर 'बौद्ध' निघते, नाही तर 'सतनामी', म्हणजे इकडचे दलित. आमच्या लोकांचीच जाँच जास्त, नवीन काय त्याच्यात, असं म्हणून मी सोडून दिलं.

माझं ध्यान आमच्या क्वार्टरकडं लागून होतं. मी मनाशी पक्कं केलं होतं. बाबाचं नाव आलं का काका 'कुणबी' म्हणतील, अन् मी हात थांबवून सांगीन, चूक आहे काका, बौद्ध लिहा. मग त्याइचं तोंड पाहीन. आईच्या सगळ्या दसऱ्यांचं उट्टं मले त्या एका मिनटात काढायचं होतं.

ते पान आलं. बाबाचं नाव, त्याच्यासमोर ठिपका. मी नाव वाचलं.

काका वर न पाहता म्हणाले, "बौद्ध."

माझे हात कीबोर्डवरच राहिले. त्याइले कसं माहीत, मी विचारलं. बाबाच्या गावचा एक जण त्याइच्या सेक्शनात होता, पहिल्याच वर्षी समजलं होतं म्हणे.

"मग हा ठिपका कशाचा, काका?"

त्याइनं बाटली उघडली, दोन घोट घेतले, झाकण लावलं. आवाजात लाज नव्हती, काहीच नव्हतं.

"उन्हातान्हात फिरायचं, बेटा, माणूस तहानते. कोणत्या घरी पाणी नाही घ्यायचं, ते ध्यानात राहावं म्हणून करून ठेवत होतो. मग खोडायचं राहून गेलं."

तळपायाची आग मस्तकाले गेली. प्रोफेसर बाईले मराठी समजत नव्हती, ती विचारून राहिली, क्या हुआ. मी सांगितलं, निशानाचा अर्थ चुकला आहे, दुरुस्त करते. पहिल्या पानावर गेली. जिथं जिथं 'जाँच का निशान' होतं ते काढलं अन् लिहिलं, 'इस घर का पानी नहीं पिया'. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात काकाचं पूर्ण नाव, जुन्या क्वार्टर नंबरासकट.

काका स्क्रीनकडं वाकले. "कशाले हे, बेटा? जुनी गोष्ट आहे."

"खोडायचं राहिलं न? आता राहू द्या."

ते उठून गेले. बाटली टेबलावरच राहिली, मी तिले हात लावला नाही. एकेक घर करत गेली, बाबाची ओळ शेवटी ठेवली. ती लिहिताना मले बाबाचा राग आणायचा होता, पण तो येईना. दिवाळीच्या आधल्या दिवशी नळाजवळ बसून ते तो पेला घासून राहिले होते, तेच दिसत होतं. किती घासत होते.