कडप्प्यावरची रेघ

अमोनियाचा झणझणीत वास आला की आजही माझं डोकं आधी फिरतं आणि डोळ्यांत पाणी मागाहून येतं. माझ्या मोठ्या नणंदेइतकी हेकट बाई साऱ्या अष्टागरात दुसरी नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. चौलच्या आमच्या वाडीत, पोफळींच्या गार सावलीत, जिथे शहाण्या माणसाने झोपाळा टांगला असता, तिथे वन्संनी पत्र्याची शेड घातली. ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या पाण्यात त्या अमोनिया थेंबथेंब सोडणार. तळाशी दह्यासारखा पांढरा साका बसणार. तो धुणार, वाळवणार, भट्टीत भाजणार, चाळणार. आणि ती पूड फवारणीच्या गनच्या ज्वाळेत वितळवून मच्छीमारांच्या पंपांच्या शाफ्टवर फवारणार, म्हणजे खाऱ्या पाण्याला आणि वाळूला दाद न देणारा, दगडासारखा थर बसतो. साका धुवायला माझीच लोणच्याची बरणी बळकावली. सातव्या धुण्यालाही पाणी हुंगून म्हणायच्या, "वास आहे अजून. परत." माझ्या आमटीलाही हाच न्याय. एकदा मी नवी कविता वाचून दाखवली, तर म्हणाल्या, "गाळ फार आहे. परत धू." त्या रात्री मी जेवले नाही, वन्सं माझ्या वाटणीचे बोंबीलही खाऊन उठल्या.

सगळ्यांत संतापजनक त्यांची परीक्षा. तयार पूड चिमटीतून कडप्प्यावर रांगोळीसारखी सोडायची. रेघ अखंड उतरली तर ती गनमधूनही सुरळीत वाहील. तुटली तर नळीत अडखळेल, थर विरळ बसेल आणि भर समुद्रात टवके उडतील. याची उपकरणं मिळतात, असं मी सुचवलं की उत्तर ठरलेलं, "उपकरणाला लाज नसते."

यंदा मासेमारीची बंदी उठली, बोटी निघाल्या, आणि रेवदंड्याच्या रशीदभाईंची बोट शाफ्टवाचून काठावर राहिली. वन्संनी पुडीचे लागोपाठ तीन घाणे बाद केले होते. शेवटी रशीदभाई दारात उभे राहिले.

"बाय, बोट सुकते हाय माझी. पंपाचं लगीन हाय काय, रांगोळ्या काढताय त्या?"

"पूड तुटतेय, भाई. कच्चा थर देऊन तुम्हाला पाण्यात धाडू?"

"मग मी दुसरीकडं जातो. इतकी वर्षं आलो, आता न्हाय येणार."

माझा तोल सुटला. तिसऱ्या घाण्याचा डबा हिसकावून मी ओरडले, "कसली तुटते, वन्सं? बघा!" आणि चिमूट भरून कडप्प्यावर हात ओढला. रेघ अखंड. दुसरी ओढली, तीही. पूड रेशमासारखी बोटांतून सरत होती. मी विजयाने वर पाहिलं. वन्सं रेघेकडे पाहतच नव्हत्या. त्या स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होत्या, आणि तो थरथरत होता. पुडीत खोट कधी नव्हतीच.

गेला महिनाभर त्यांच्या हातातली कपबशी खुळखुळत होती, आणि आवाजांवर कविता करणाऱ्या मला ते ऐकू आलं नव्हतं. इतका राग जमला होता. तो आता कुणावर काढावा, कळेना. रशीदभाईंनी नजर वळवली. "सकाळी येतो, बाय," एवढंच हळू म्हणाले.

त्याच संध्याकाळी, लेथवर गरगरणाऱ्या शाफ्टवर शुभ्र थर चढला. वन्संनी कडप्पा पुसायला घेतला, पण माझ्या दोन रेघा तेवढ्या ठेवल्या. मी घुश्शातच विचारलं, "पुढच्या घाण्याची रेघ कोण ओढणार?"

त्यांनी डब्यातली उरलेली पूड, अर्धी सांडत, माझ्या तळहातावर ओतली.

"तू."