अक्कांच्या खणातलं पुस्तक

पुस्तकं माणसाला निर्भय करतात, असं आमच्या धुळ्याच्या वाचनालयाच्या दारावर ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं. आत तीस वर्षं देवघेव सांभाळणाऱ्या अक्कांचं मत वेगळं होतं. “मी पुस्तक देते भाऊ, हमी देत नाही,” त्या म्हणायच्या.

मी तेव्हा निव्वळ भीतीपोटी वाचत होतो. माझी मीरा अडीच वर्षांची झाली, तरी एक शब्द बोलत नव्हती. कान तपासले, ते उत्तम निघाले. त्यानं उलट जास्तच धडकी भरली. दोष द्यायला काही उरलंच नाही. मग बालसंगोपनाची पुस्तकं सुरू झाली. प्रत्येकात एक तक्ता असायचा, कितव्या महिन्यात किती शब्द. आमचा रकाना कोरा. जुन्या थोर कादंबऱ्यांकडे वळावं, तर त्यांतली मुलं एक तर तापानं जातात, नाहीतर दोन प्रकरणांच्या मधल्या जागेत मोठी होतात. ती बोलायला कधी लागली, हे एकाही थोर लेखकाला सांगावंसं वाटलेलं नाही. कादंबरीत कुणा मुलाला खोकला झाला, की मी पानं उलटून पुढे पळायचो.

संगोपनाच्या प्रत्येक पुस्तकाबरोबर अक्का एक कादंबरी सक्तीनं द्यायच्या. नुसती भीती पचत नाही, सोबत काहीतरी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मीरा माझ्या कडेवरून त्यांच्या शिक्क्याकडे हात करायची. अक्का शिक्का पदराआड लपवत, रिकामे तळवे दाखवत आणि घरच्या बोलीत गंभीरपणे सांगत, “नई शे,” म्हणजे नाहीये. हा खेळ दर शनिवारी व्हायचा. मीरा हसायची. बोलायची नाही.

उशिरा बोलणाऱ्या मुलांवरचं एक जुनं पुस्तक मी महिनाभर मागत होतो. दर वेळी तेच, नई शे. एका शनिवारी ते मला त्यांच्या उघड्या खणात दिसलं. मी आवाज चढवला. अक्कांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि शेवटचं पान उघडलं. तिथल्या चिठ्ठीवर एकच सभासद क्रमांक अकरा वेळा ओळीनं लिहिलेला होता, फिकट शाईत.

“माझा नंबर,” त्या म्हणाल्या. “पोरगा साडेतीन वर्षांचा होईतो बोलला नव्हता. हे पुस्तक मला पाठ झालं. तो पहिल्यांदा बोलला तेव्हा मी शेजारीच बसून हेच वाचत होते. मला ऐकूच आलं नाही. नणंदेनं सांगितलं.”

मी पुस्तक न घेता घरी आलो. भीती काही गेली नाही. फक्त आता ती घेऊन मी मीराकडे बघत बसू लागलो.

पुढे दोन महिन्यांनी अक्का निवृत्त झाल्या. मुलाकडे जळगावला जायचं होतं. निरोपसमारंभात शाल होती, श्रीफळ होतं आणि अध्यक्षही होते. ज्ञानयज्ञ, समिधा वगैरे झाल्यावर त्यांनी हात उंचावून सभागृहाला विचारलं, “अशी ग्रंथसेविका आज अख्ख्या खानदेशात दुसरी आहे का?”

योग्य ती शांतता पसरली. माझ्या मांडीवरून मीरानं दोन्ही तळवे पुढे केले आणि स्पष्ट म्हणाली, “नई शे.”

अक्कांनी मीराकडे पाहिलंच नाही. आधी माझ्याकडे पाहिलं. “ऐकलं ना, भाऊ?”

मी मान हलवली.

अध्यक्ष त्यानंतर आणखी पंचवीस मिनिटं बोलले.