पांढरं लुगडं

कसं सांगू तुम्हाला, मी एकदा एका धडधाकट माणसाला मारलं. तेही एका इंग्रजी शब्दाचा उगम कळला म्हणून! चहा घ्या, सांगतो.

चौथीनंतर मी लांब डोंगरातल्या शाळेत शिकलो. पुढं कॉलेजही तिकडंच. घाटनांदूरला परतलो तेव्हा देशात नवे वारे वाहत होते आणि माझ्या डोक्यात तर वादळच होतं. गाव सुधारायचं! त्याच सुमारास ग्रामपंचायतीत बायकांसाठी राखीव जागा आल्या आणि माझी कलावती आत्या निवडणुकीला उभी राहिली. तिचं गाव दिंद्रुडच्या बाजूला. नाव सांगत नाही, मला अजून तिथं जावं लागतं.

आत्याला सत्ता नको होती, हापसा हवा होता. गल्लीतल्या बायका पाण्यासाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जायच्या. तिथला हापसा बाजीराव नावाच्या गृहस्थांच्या दारात, आणि आत्याच्या विरोधात उभी होती बाजीरावांचीच बायको, सरूबाई. म्हणजे लढाई साधी नव्हती.

वडील म्हणाले, "आत्याला प्रचारासाठी एक चांगलं लुगडं घेऊन जा. माहेरचं."

आता इथं माझं शिक्षण आडवं आलं. उमेदवाराला इंग्रजीत 'कँडिडेट' का म्हणतात, ठाऊक आहे? जुन्या रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस झग्याला खडू चोळून तो पांढराशुभ्र करायचा. 'कँडिडस' म्हणजे चकचकीत पांढरा. मनानं स्वच्छ तो 'कँडिड', उजळते ती 'कँडल', झगमगतं ते 'शँडेलियर'. एकाच घरातली भावंडं! आपला चंद्रही याच कुळातला, असं पंडित म्हणतात. मग आपले पुढारी पांढरे कपडे घालतात, ते पुरुषांनीच का घालावेत? शाळेत आमच्या बाई रोज पांढरी साडी नेसायच्या. केवढा रुबाब होता!

मी अंबाजोगाईला दुकानात गेलो. "आत्यासाठी पांढरं लुगडं द्या. माहेरकडून."

दुकानदारानं हळूच विचारलं, "काठ नको ना?"

"नको. निव्वळ पांढरं."

त्यानं घासाघीस केली नाही. उलट लुगडं देताना हात जोडले. लोकशाहीविषयी माणसाला केवढा आदर, असं मला वाटलं!

एस.टी.तून उतरलो. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं विचारलं, "कुनाकडं पाव्हनं?"

"मन्मथअप्पांकडं. कलावतीआत्याचा भाचा मी. तिच्यासाठी लुगडं आणलंय." आणि उत्साहात कागद सोडून दाखवलं.

हॉटेलवाल्यानं टोपी काढली. स्टोव्ह बंद केला. बाकावरची चार माणसं चहा अर्धा टाकून उठली.

"माहेरचंच का?"

"तर! रंग मी पसंत केला."

"अरारारा. आमाला कावून न्हाई कळलं?"

"आता कळेलच सगळ्या गावाला," मी अभिमानानं म्हणालो.

मी पुढं चालू लागलो. मागं माणसं. वळणावर आणखी माणसं. कुणी बोलेना. प्रचाराला एवढी शिस्त! मी तर भारावलो. तुम्ही म्हणाल, तुला एवढंही ठाऊक नव्हतं? नव्हतं ना! नवरा गेला की बाईला माहेरहून पांढरं लुगडं येतं, हे डोंगरातल्या शाळेत कोण शिकवणार?

घरी मामा नव्हते. मामा म्हणजे आत्याचे यजमान, हेच मन्मथअप्पा. दुकानाचा माल आणायला माजलगावला गेलेले. आत्या भाकऱ्या थापत होती. पुढं झालेल्या बायकांनी दारातच गळा काढला. "कलावती गं! असं कसं झालं गं!"

आत्या पिठाच्या हातानं बाहेर आली. गर्दी पाहिली, माझ्या हातातलं लुगडं पाहिलं आणि मटकन खाली बसली. "माजलगावला गेलते वं! सकाळी चांगले जेवून गेलते!"

मी शेजारच्याला विचारलं, "काय झालं?"

"अप्पा गेले की."

मामा गेले! माझे मामा! ऐकताच मी असा हंबरडा फोडला की बायका रडायच्या थांबून माझ्याकडं बघायला लागल्या. एक म्हातारा म्हणाला, "पर सांगावा कुनी आनला?" दुसरा त्याच्यावर खेकसला, "माहेरचा मानूस लुगडं घिऊन आलाय, आन् तू सांगावा इचारतो बे?"

तेवढ्यात बाजीराव आले. डोळे पुसत ओट्यावर चढले. "गावकऱ्यांनो, वैर माणसाशी असतंय, दुःखाशी न्हाई. आमी सरूबाईचा फारम मागं घेतो. कलावतीवैनी बिनविरोध!"

रडता रडता आत्यानं एकदा मान वर केली, हे मी पाहिलं.

आणि त्याच वेळी गर्दी सारत, खांद्यावर गुळाची ढेप घेतलेले मन्मथमामा दारात आले.

"कोन गेलं रं?"

हॉटेलवाला टोपी परत डोक्यावर घालत म्हणाला, "तुमीच की अप्पा."

ढेप खाली पडली. आत्या धावली, मामांचा हात चाचपला आणि मग त्यांच्यावरच ओरडली, "एवढा उशीर कावून केला?"

"पर ही बातमी आनली कुनी?" बाजीरावांनी विचारलं. सगळ्यांनी हॉटेलवाल्याकडं पाहिलं. हॉटेलवाल्यानं लुगड्याकडं. लुगडं माझ्या हातात.

मी घाबरलो नाही. विद्या होती ना! तिथंच ओट्यावर उभं राहून मी रोम, खडू, झगा, मेणबत्ती, चंद्र, सगळं सांगितलं. "कँडिड म्हणजे प्रामाणिक!" असा समारोपही केला.

बाजीराव शांतपणे म्हणाले, "म्हंजी फारम मागं घ्यायला लावायला जित्ता नवरा मारला. लई प्रामाणिक! आमची माघार रद्द."

झालं! मतदानापर्यंत आत्या हिरवं लुगडं नेसून दारोदार फिरली. शेजारी मामा, पुरावा म्हणून. बायका हापशाचं ऐकूनच घेईनात. "अप्पा, बरे हाव ना?" एवढंच विचारायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या.

आत्या पडली. सरूबाई निवडून आल्या.

हलगी वाजवत त्यांची मिरवणूक थेट आत्याच्या दारात थांबली. बाजीराव पुढं आले, गुलालानं माझं तोंड माखलं आणि सरूबाईंच्या गळ्यातला झेंडूचा हार काढून माझ्या गळ्यात घालायला लागले. मी मागं सरकलो. आता आत्या त्यांना फैलावर घेणार म्हणून आशेनं तिच्याकडं पाहिलं.

आत्या उंबऱ्यावरून म्हणाली, "घालून घे की बाबा! त्यांच्याकडून तुझ्याएवढं कुनी राबलं न्हाई."